पत्ता किती वेळां वाचावा?

पुण्याच्या टपालकचेरींत नागपूर जिल्ह्यांतील एखाद्या खेड्याचें पत्र पडलें म्हणजे तेथील कारकून त्यावरील पत्ता वाचतो व तें नागपूरकडे जाणाऱ्या थैलींत टाकतो. थैलीचें तोंड बांधून तिला एक लेबल लावलें कीं, वाटेंतील कोणत्याहि स्थानकावर त्या पत्राकडे कोणी पाहत नाहीं. जो तो थैलीवरचें लेबल वाचतो आणि थैली एका गाडींतून दुसऱ्या गाडींत चढवितो. नागपुरास थैली उघडली म्हणजे मग पत्ता पुन्हां वाचला जातो. टपालखात्यांत ही रीत इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिला कोणी शोध म्हणणार नाहीं. परंतु संगणकांच्या जाळ्यांत हीच रीत पत्करावी, कीं पत्ता प्रत्येक थांब्यावर नव्यानें वाचावा, या प्रश्नावर जगांतील मोठमोठे अभियंते सुमारें पस्तीस वर्षें भांडत होते. त्या भांडणाची, आणि त्यांतून निघालेल्या लेबल स्विचिंग नांवाच्या तोडग्याची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

प्रथम, ज्या वस्तूची ने-आण करावयाची ती वस्तु कोणती तें पाहूं. जुन्या टेलिफोनवर आपण बोलूं लागलों कीं, बोलणें संपेपर्यंत एक सबंध वाट आपल्यासाठीं राखून ठेवली जाई. मग आपण बोलत असूं वा गप्प बसलेले असूं. संगणकाचें बोलणें मात्र तुटक असतें. क्षणभर धबधबा आणि नंतर दीर्घ शांतता. १९६४ सालीं अमेरिकेंतील रँड या संस्थेंतील पॉल बॅरन यांनीं यावर आपले प्रबंध प्रसिद्ध केले. अणुयुद्धांत टेलिफोनचीं मोठीं केंद्रें उद्ध्वस्त झालीं तरी देशाचें दळणवळण चालूं राहावें, हा त्यांचा हेतु. त्यांनीं सुचविलें कीं, संदेशाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा, आणि ज्या केंद्रावर तो येईल त्या केंद्रानें, हातांत तापलेला बटाटा आल्यावर माणूस करतो त्याप्रमाणें, तो तत्काळ जी बरी वाट दिसेल तिकडे टोलवावा. इंग्लंडांत टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत डोनाल्ड डेव्हिस यांनाहि १९६५ सालीं स्वतंत्रपणें अशीच कल्पना सुचली, आणि अशा तुकड्याला पॅकेट हें नांव त्यांनींच दिलें. हा शब्द मराठींत फार पूर्वींच पाकीट होऊन बसलेला असल्यामुळें आपणहि पाकीट असेंच म्हणूं.

पाकिटांची कल्पना लौकरच सर्वमान्य झाली. परंतु पाकीट वाटेंत कसें न्यावें याविषयीं दोन पंथ निर्माण झाले. पहिल्या पंथाचें म्हणणें असें कीं, प्रत्येक पाकिटावर पूर्ण पत्ता असावा आणि प्रत्येक केंद्रानें तो नव्यानें वाचून आपल्या बुद्धीप्रमाणें पुढची वाट ठरवावी. अशा स्वयंपूर्ण पाकिटाला टेलिग्रामच्या धर्तीवर डेटाग्राम म्हणूं लागले. फ्रान्समध्यें लुई पूझँ यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत सिक्लाद नांवाचें जाळें याच तत्त्वावर उभारलें. दुसरा पंथ टेलिफोन चालविणाऱ्या खात्यांचा. त्यांचें म्हणणें असें कीं, संभाषण सुरू होण्यापूर्वीं एक पाकीट पुढें पाठवून संपूर्ण वाट आंखून घ्यावी, वाटेंतील प्रत्येक टप्प्यावर त्या संभाषणाला एक लहानसा क्रमांक द्यावा, आणि पुढील सर्व पाकिटांवर केवळ तेवढा क्रमांक घालावा. याला मानीव मंडल म्हणत. मानीव अशासाठीं कीं, तार कोणा एकासाठीं अडकून पडत नसे. वाट मात्र ठरलेली असे. १९७६ सालीं आंतरराष्ट्रीय तार व टेलिफोन सल्लागार समितीनें एक्स २५ हा नियमसंग्रह मान्य केला तो या दुसऱ्या पंथाचा विजय होता.

या वादांत केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. वाटेची आठवण कोणीं ठेवावी, हा खरा प्रश्न होता. आणि ज्याच्याजवळ आठवण त्याच्याजवळ सत्ता, हें उभय पक्षांना पक्कें ठाऊक होतें. मानीव मंडलांत जाळ्याला प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवावी लागते. त्यामुळें हमी देतां येते, हिशेब ठेवतां येतो, आणि आकार बसवितां येतो. पण मधलें एक केंद्र कोसळलें कीं त्यांतील नोंदी जातात व त्यावरून जाणारीं सर्व संभाषणें तुटतात. डेटाग्रामच्या जाळ्याला मुळीं कांहींच आठवत नाहीं. एक केंद्र पडलें तर पुढचें पाकीट दुसऱ्या वाटेनें जातें, आणि हरवलेलें पाकीट पुन्हां पाठविण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवर असते. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं १९७४ सालीं आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हां त्यांनीं दुसरी बाजू सोडून ही विस्मरणशील पद्धतीच पत्करली. १ जानेवारी १९८३ रोजीं अमेरिकेच्या आर्पानेट या जाळ्यानें तीच पद्धति स्वीकारली, आणि आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतों तें तिच्यावरच वाढलें. असो.

विस्मरणशील पद्धतीलाहि तिची किंमत द्यावी लागली. मात्र ती मागाहून, म्हणजे इंटरनेट लोकप्रिय झाल्यावर. पाकिटें इकडून तिकडे पाठविणारें जें यंत्र, त्याला राउटर म्हणतात. पाकीट आलें कीं राउटरला त्यावरचा ३२ बिटांचा पत्ता घेऊन आपल्या कोष्टकांत शोध करावा लागतो. आरंभीं हा शोध सोपा होता, कारण पत्त्यांचे गट ठराविक तीन मापांचे होते. परंतु मधल्या मापाचे गट संपत आले, आणि १९९३ सालीं वाटेल त्या मापाचे गट पाडण्याची मुभा द्यावी लागली. तेव्हांपासून राउटरचें काम अवघड झालें. कल्पना करा कीं, आपल्याजवळच्या यादींत "महाराष्ट्र" असें लिहिलें आहे, "महाराष्ट्र, कोल्हापूर" असेंहि लिहिलें आहे, आणि "महाराष्ट्र, कोल्हापूर, शाहूवाडी" असेंहि आहे, व तिन्हींच्या पुढें वेगवेगळ्या दिशा दिलेल्या आहेत. शाहूवाडीचें पत्र तिन्ही ओळींत बसतें. परंतु आपण सर्वांत लांब जुळणारी ओळ शोधून काढली पाहिजे. शब्दकोशांत शब्द पाहण्याइतकें हें सरळ नाहीं. कारण कोठें थांबावयाचें हें आधीं ठाऊक नसतें.

यांत वेगाची भर पडली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह चार महानगरांत सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तेच दिवस जगभर या जाळ्याच्या स्फोटक वाढीचे होते. मुख्य वाहिन्यांचा वेग सेकंदाला अडीच अब्ज बिटांपर्यंत जाणार हें दिसूं लागलें होतें. ४० बाइटांचें, म्हणजे ३२० बिटांचें, लहानांत लहान पाकीट धरलें तर अशा वाहिनीवर एकापाठोपाठ एक पाकीट अवघ्या १२८ नॅनोसेकंदांच्या अंतरानें येऊं शकतें. त्या काळच्या स्वस्त स्मृतिपटलांतून एक आंकडा वाचावयास साठ-एक नॅनोसेकंद लागत. म्हणजे एका पाकिटासाठीं कोष्टक फार तर दोनदां उघडतां येणार! आणि कोष्टकांत तर तीस हजारांच्या आसपास ओळी. यादी अर्धी-अर्धी करीत शोधण्याच्या रीतीनेंहि पंधरा वेळां पाहावें लागावें. पुष्कळ जाणत्या लोकांस वाटूं लागलें कीं, पत्ता वाचणाऱ्या राउटरांचे दिवस भरले.

इकडे टेलिफोनवाल्यांचा पंथहि स्वस्थ बसलेला नव्हता. त्यांनीं एटीएम नांवाची नवी पद्धति सिद्ध केली होती. बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्राशीं हिचें केवळ नामसादृश्य आहे. हींत सर्व माहिती एकाच मापाच्या पेटींत भरावयाची. पेटीचें माप काय असावें यावर अमेरिका व युरोप यांचें जुंपलें. अमेरिकेला आंत ६४ बाइट हवे होते, युरोपला ३२. युरोपची अडचण आवाजाची होती. टेलिफोनचा आवाज मिलिसेकंदाला ८ बाइट या दरानें येतो. पेटी मोठी तर ती भरेपर्यंत खोळंबा अधिक, आणि खोळंबा अधिक तर स्वतःचाच प्रतिध्वनि कानीं येणार. शेवटीं १९८९ सालीं दोन आंकड्यांच्या बरोबर मधला ४८ हा आंकडा घेण्यांत आला. त्यावर ५ बाइटांची पट्टी चढवून पेटी ५३ बाइटांची झाली. कोणत्याहि अभियंत्यानें आपण होऊन निवडला नसता असा हा आंकडा केवळ तडजोडीचें अपत्य होय. पण पट्टीवर जो क्रमांक असे तो सरळ कोष्टकांतील ओळीचा क्रमांक असे. त्यामुळें शोध म्हणून करावाच लागत नसे. अमुक क्रमांकाची ओळ उघडावी, तिच्यांत लिहिलेला नवा क्रमांक पेटीवर घालावा, आणि दाखविलेल्या तारेवर पेटी सोडावी.

तेव्हां सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनीं दोन्ही पद्धतींची सांगड घातली. कडेला इंटरनेटचे राउटर व मध्यें एटीएमचीं वेगवान यंत्रें. काम चाललें, पण संसार दुहेरी झाला. दोन प्रकारचे पत्ते, दोन प्रकारचीं कोष्टकें, आणि दोन प्रकारचे जाणकार ठेवणें आलें. प्रत्येक राउटरपासून दुसऱ्या प्रत्येक राउटरपर्यंत मंडल आंखावयाचें म्हटलें तर शंभर राउटरांस ४९५० मंडलें लागतात. शिवाय ५३ पैकीं ५ बाइट पट्टीचे, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जकात प्रत्येक पेटीवर बसे.

या अडचणींतून सुटण्याची वाट १९९४ ते १९९६ या अवधींत अनेकांना एकाच वेळीं दिसली. इंटरनेटचें डोकें ठेवावें आणि एटीएमचे हात घ्यावे, असें तिचें सार सांगतां येईल. कोणती वाट चांगली हें राउटरांनीं आपसांत बोलून नेहमींप्रमाणें ठरवावें. पण पाकीट प्रत्यक्ष पुढें ढकलतांना पत्ता न वाचतां क्रमांकावरून ढकलावें. मुंबईच्या आय. आय. टी. मधून १९८१ सालीं पदवी घेतलेले जॉर्ज वर्गीस आणि गिरीश चंद्रनमेनन या दोघांनीं १९९५ सालीं एका निबंधांत असें सुचविलें कीं, शेजारच्या राउटरनें आपल्या कोष्टकांतील ओळीचा क्रमांक आधींच कळवून ठेवावा, म्हणजे पाकिटाबरोबर तो क्रमांक आला कीं शोध वांचला. जपानांत तोशिबा कंपनीनें याच दिशेनें एक यंत्र योजिलें. कॅलिफोर्नियांतील इप्सिलॉन या लहानशा नव्या कंपनीनें १९९६ सालीं आपली पद्धति जाहीर करून मोठ्या कंपन्यांची झोंप उडविली. तिचें यंत्र पाकिटांच्या प्रवाहावर नजर ठेवी, आणि एखादा प्रवाह बराच वेळ चालेलसें दिसलें कीं त्याला क्रमांक देऊन टाकी. परंतु लहान प्रवाहांची संख्या फार मोठी झाली तर काय करावें, ही तिची उणीव होती. सिस्को कंपनीनें त्याच वर्षीं दुसरा मार्ग मांडला. प्रवाह येण्याची वाट न पाहतां कोष्टकांतील प्रत्येक ओळीला अगोदरच एक खूण देऊन ठेवावी, म्हणजे गर्दी कितीहि वाढली तरी खुणा वाढत नाहींत. आय. बी. एम. नेंहि आपला एक प्रकार पुढें केला. १९९७ सालीं इप्सिलॉन नोकिया कंपनीनें विकत घेतली, आणि त्याच वर्षीं इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळानें या सर्व कल्पनांचा एक सर्वमान्य आराखडा करण्यासाठीं समिति नेमली. बहुविध नियमांचें लेबल स्विचिंग, या अर्थाचें एम. पी. एल. एस. हें नांव त्या समितीचें. जानेवारी २००१ मध्यें तिचा मुख्य आराखडा प्रसिद्ध झाला.

आतां हें लेबल काम कसें करतें तें एका उदाहरणानें पाहूं. क, ख, ग, घ असे चार राउटर ओळीनें आहेत असें समजा. क हा जाळ्याच्या या कडेला, घ त्या कडेला. पाकीट क कडे आलें. क त्यावरचा पूर्ण पत्ता वाचतो. घ कडून बाहेर पडणाऱ्या पाकिटांच्या वर्गांत तें बसतें असें ठरवितो, आणि त्यावर समजा १७ आंकड्याचें लेबल चिकटवून ख कडे धाडतो. ख पत्ता पाहतच नाहीं. तो आपल्या कोष्टकाची १७ क्रमांकाची ओळ उघडतो. तिथें लिहिलेलें असतें कीं, हें काढून ४२ लावा व ग कडे जाणाऱ्या तारेवर सोडा. ग ला ४२ दिसतो. त्याच्या ओळींत लिहिलेलें असतें कीं, लेबल काढून टाका व पाकीट घ ला द्या. घ पत्ता वाचतो आणि पाकीट इष्ट स्थळीं पोंचवितो. शेवटच्याच्या आधींचा राउटर लेबल काढतो तो अशासाठीं कीं, घ ला पत्ता वाचावयाचाच आहे. मग लेबल आणि पत्ता असे दोन शोध त्याच्याकडून कां करवावे?

येथें एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. १७ हा आंकडा कोणी ठरविला? तो क नें ठरविलेला नसून ख नें ठरविला, व क ला कळविला. ४२ हा ग नें ठरवून ख ला कळविला. म्हणजे पाकिटें ज्या दिशेनें जातात त्याच्या उलट दिशेनें लेबलांचे निरोप येतात. ज्याला लेबल वाचावयाचें त्यानेंच तें निवडावें, हा यांतील शहाणपणा. कारण आपल्या कोष्टकांतील कोणती ओळ मोकळी आहे हें त्यालाच ठाऊक. म्हणूनच १७ या आंकड्याला जगांत कांहीं अर्थ नाहीं. ख च्या घरांत त्याला अर्थ आहे. दुसऱ्या राउटरच्या घरीं तोच १७ निराळ्याच गांवीं जाईल.

लेबलाची सबंध पट्टी ३२ बिटांची असते. २० बिट आंकड्यासाठीं. म्हणजे १०,४८,५७६ लेबलें होऊं शकतात, पैकीं पहिलीं सोळा विशेष कामासाठीं राखून ठेवलेलीं. ३ बिट पाकिटाची प्रतवारी सांगतात. ८ बिटांत आयुर्मर्यादा लिहिलेली असते. प्रत्येक टप्प्यावर ती एकानें घटते, आणि शून्य झाली म्हणजे पाकीट फेकून दिलें जातें, जेणेंकरून वाट चुकलेलें पाकीट जाळ्यांत अनंतकाळ घिरट्या घालणार नाहीं. राहिला एक बिट. तो सांगतो कीं, या लेबलाखालीं आणखी लेबल आहे कीं हें शेवटचें. कारण लेबलावर लेबल, अशी नाण्यांच्या चळतीसारखी चळत रचण्याची मुभा आहे. थैलींत लहान थैली घालावी व बाहेरच्याला केवळ बाहेरची थैली दिसावी, तसा हा प्रकार. या एकाच बिटानें पुढें केवढें काम केलें तें आतां पाहावयाचें आहे.

येथवरची हकीकत ऐकून असें वाटेल कीं, वेगाचा प्रश्न होता व लेबलानें तो सोडविला. प्रत्यक्षांत घडलें तें निराळेंच. समितीचा आराखडा सिद्ध होत असतांनाच ज्या संकटासाठीं तो रचला जात होता तें संकटच नाहींसें झालें! १९९७ सालीं स्वीडनमधील लुलेओ येथील संशोधकांनीं संबंध कोष्टक आटोपशीर करून वेगानें शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं वाल्डफोगेल, टर्नर व प्लॅटनर यांच्यासह जॉर्ज वर्गीस यांनींच दुसरी रीत दाखविली. ओळींत शोधण्याऐवजीं जुळणीच्या लांबीवर द्विभाजन केलें म्हणजे ३२ बिटांचा पत्ता पांच पाहण्यांत सांपडतो. दोन वर्षांपूर्वीं ज्यांनीं शोध टाळण्याची युक्ति सांगितली, त्यांनींच आतां शोध सोपा करून दिला. १९९८ सालीं ज्युनिपर कंपनीचा एम ४० हा राउटर बाजारांत आला. त्यांत पत्ता शोधण्याचें काम खास घडविलेल्या विद्युत्-मंडलांकडे सोंपविलें होतें. राउटरांचे दिवस भरल्याची भविष्यवाणी खोटी ठरली. आज त्या कोष्टकांत नऊ लाखांहून अधिक ओळी आहेत आणि तरी तीं यंत्रें पत्ते वाचून चालतात.

मग लेबल मेलें कसें नाहीं? कारण घाईघाईनें वेगासाठीं घडविलेल्या या वस्तूंत तीन दुसरे गुण निघाले, आणि ते वेगाहून मोलाचे ठरले.

पहिला गुण वाट निवडण्याचा. चव्हाट्यावर "पुणें, इकडे" अशी पाटी असते. ठाण्याकडून आलेली गाडी आणि पनवेलकडून आलेली गाडी, दोघींना ती एकच दिशा दाखविते. कोण कोठून आला हें पाटीला ठाऊक नसतें. पत्ता वाचून चालणाऱ्या राउटरची अवस्था नेमकी अशीच. जवळची वाट तुडुंब भरली व लांबची मोकळी पडली, तरी सर्व पाकिटें जवळच्याच वाटेला लागतात. लेबलाला मात्र मुक्कामाचें बंधन नाहीं. एकाच गांवच्या पाकिटांना कडेवरच दोन निरनिराळीं लेबलें देऊन अर्धीं या वाटेनें व अर्धीं त्या वाटेनें पाठवितां येतात. १९९९ सालींच अभियंत्यांनीं या उपयोगाची निकड लेखी मांडली होती.

दुसरा गुण वेगळें ठेवण्याचा. समजा, एका बँकेच्या शाखा शंभर गांवीं आहेत आणि दुसऱ्या एका कारखान्याच्या कचेऱ्याहि त्याच गांवीं आहेत. दोघांनीं आपापल्या घरांत एकसारखेच पत्ते वापरलेले आहेत. दोघांचें टपाल एकाच जाळ्यांतून न्यावयाचें आणि तरी मिसळूं द्यावयाचें नाहीं. एरिक रोझेन व याकोव्ह रेख्टर यांनीं मार्च १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या टिपणांत यावर चळतीचा उपाय सांगितला. पाकिटावर दोन लेबलें घालावीं. वरचें लेबल जाळ्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेईल. खालचें सांगेल कीं, हें कोणत्या ग्राहकाचें. मधल्या राउटरांना ग्राहकांचें नांवहि ठाऊक असावयाचें कारण नाहीं. ग्राहक हजारांनीं वाढले तरी मध्यभागावर भार पडत नाहीं. आज जगभरच्या सेवासंस्था, आपल्याकडील भारत संचार निगम धरून, याच पद्धतीनें व्यापारी ग्राहकांस खाजगी जाळीं पुरवितात.

तिसरा गुण सांवरण्याचा. तार तुटली म्हणजे राउटरांनीं एकमेकांस कळवून नवी वाट ठरविण्यांत कांहीं सेकंद जातात. बोलणाऱ्या माणसाला तेवढा काळ फार होतो. लेबलाच्या पद्धतींत पर्यायी वाट आधींच आंखून ठेवतां येते. तार तुटतांच अलीकडचा राउटर पाकिटावर आणखी एक लेबल चढवून तें आडवाटेनें पलीकडे नेऊन सोडतो. पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास हें काम उरकतें. बोलणाऱ्याला कळतहि नाहीं. २००५ सालीं या रीतीचे नियम प्रसिद्ध झाले.

परंतु या गुणांबरोबर दोन गोष्टींचें भान ठेवणें जरूर आहे. पहिली ही कीं, "खाजगी जाळें" या शब्दानें ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असतो. लेबल पाकिटाला इतरांपासून वेगळें ठेवतें. त्याला कुलूप लावीत नाहीं. थैली बांधलेली असली तरी आंतील पत्र उघड्या अक्षरांतच असतें, आणि ज्याच्या ताब्यांत थैली आहे तो तें वाचूं शकतो. गुप्तता हवी असेल तर मजकूर सांकेतिक लिपींत घालण्याचें काम वेगळें करावें लागतें. दुसरी गोष्ट अशी कीं, पूझँ व त्यांचे सहकारी ज्या आठवणीला भीत होते तीच मागील दारानें परत आली. खास आंखलेल्या प्रत्येक वाटेची नोंद वाटेंतील प्रत्येक राउटरनें ठेवावयाची, म्हटल्यावर मोठ्या जाळ्यांत अशा नोंदींची संख्या अफाट वाढली, आणि एकेक वाट उभी ठेवण्यासाठीं राउटरांना सतत निरोपानिरोपी करीत राहावें लागलें.

यावर अलीकडे निघालेला उपाय मोठा बोधप्रद आहे. २०१८ सालीं सेगमेंट रूटिंग या पद्धतीचा आराखडा मान्य झाला. तिच्यांत वाटेंतील टप्प्यांची संपूर्ण यादी, लेबलांच्या चळतीच्या रूपानें, कडेवरचा पहिला राउटरच पाकिटावर ठेवून देतो. मधले राउटर त्या विशिष्ट वाटेची कोणतीहि नोंद ठेवीत नाहींत. मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावर उतरण्याचें स्थानक, इमारत इत्यादींच्या खुणा एकदांच रंगविलेल्या असतात, आणि हातोहात जातांना ज्याला जेवढी खूण लागते तेवढीच तो पाहतो. तशांतलाच हा प्रकार. आठवण पुन्हां मधून निघाली आणि पाकिटाबरोबर चालूं लागली.

अशा रीतीनें पस्तीस वर्षांच्या वादाचा निकाल कोणा एका पक्षाच्या बाजूनें लागलाच नाहीं. पूर्ण पत्ता प्रत्येक पाकिटावर असावा, हें डेटाग्रामवाल्यांचें म्हणणें आजहि कायम आहे. तो प्रत्येक थांब्यावर वाचण्याची गरज नाहीं, हें टेलिफोनवाल्यांचें म्हणणेंहि खरें ठरलें. पत्ता कडेला वाचावा आणि मध्यें लेबलावर चालावें, ही तोड टपालखात्याच्या कारकुनाला कोणी विचारली असती तर त्यानें सहज सांगितली असती. पण यंत्रांच्या इतिहासांत एखादी वस्तु ज्या कारणासाठीं जन्मास येते, त्याच कारणानें ती जगतेच असें नाहीं. लेबल वेगासाठीं जन्मलें. तो वेग दुसऱ्यांनीं दुसऱ्या वाटेनें मिळविला. तरीहि एखाद्या खेड्यांतील बँकेची शाखा जेव्हां मुंबईच्या मुख्य कचेरीशीं बोलते, आणि वाटेंत कोठेंतरी रस्ता खणणाऱ्यांनीं तार तोडली असतांहि खिडकीसमोर उभ्या असलेल्या खातेदाराचे पैसे वेळेवर मिळतात, तेव्हां अनेकदां त्या पाकिटावर वीस बिटांचा एक निरर्थक आंकडा बसलेला असतो. आणि त्याचा अर्थ पुढच्या एका थांब्यापुरताच असतो.